शिरवण्याची बालवाडी आणि माझी शंभर मार्कांची पद्धत

मंगळवार, १ जानेवारी १९८५. सकाळी ७.४०

नवी डायरी. कंपनीचीच, पण रेक्झिनच्या कव्हरची. ऑफिसरांना मिळते ती. गेल्या वर्षी मला पुठ्ठ्याची मिळाली होती. वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते यावरून कळावे.

बातमी : मी, अरविंद टिपणीस, असिस्टंट पर्सोनेल ऑफिसर, सुवर्णरंग केमिकल्स, आजपासून सुवर्णरंग फौंडेशनचा सेक्रेटरी. चेअरमनसाहेबांनी स्वतः सांगितले. जिन्यात सांगितले, आणि उतरता उतरता, पण स्वतः. पगार तोच. कॅन्टीनही तूर्त माझ्याकडेच. तूर्त.

फौंडेशनचे काम म्हणजे कंपनीच्या नफ्यातून आजूबाजूच्या एखाद्या चांगल्या संस्थेला दर वर्षी मदत करणे. आजवर हे कसे चालायचे? जो साहेबांना लग्नात भेटला त्याला मदत. गेल्या वर्षी एका भजनी मंडळाला लाउडस्पीकर दिला. त्यांनी तो आमच्याच गेटसमोर लावला, चार दिवस कोणाला फोन ऐकू आला नाही. आता हे बंद. आता पद्धत.

संकल्प : १) पहाटे साडेपाचला उठणे. २) तिसरा चहा बंद. ३) मार्चअखेर फौंडेशन मॅनेजर. स्वतंत्र केबिन.

आज उठायला साडेसात झाले. उद्यापासून.

गुरुवार, ३ जानेवारी

पद्धत तयार. शंभर मार्क. वेळ पाळणे ३०, कागदपत्रे ३०, टापटीप २०, बोलणे-वागणे १०, इतर १०. टायपिस्टकडून स्टेन्सिल कापून घेतले. काय सुरेख तक्ता दिसतो!

वैशालीला जेवताना दाखवला. तिने लग्नाआधी दादरला सहा वर्षे शाळेत शिकवले आहे, तेव्हा तिला यातले थोडे कळेल असे वाटले. ती म्हणाली, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्या माणसांना किती मार्क? मी म्हटले, ती ‘इतर’मध्ये येतात. तिने भाजी वाढली. पटले असावे.

शनिवार, ५ जानेवारी

डिसेंबरात मागवलेले अर्ज एकूण ४१. सकाळी दहाला बसलो, साडेअकराला ३९ बाद. नावड्याच्या तालमीने शाईऐवजी पेन्सिल वापरली. बाद. जासईच्या वाचनालयाने कार्बन कॉपी जोडली नाही. बाद. एकाने फोटो जोडला, पण तो स्वतःच्या लग्नाचा. बाद. पद्धतीमुळे काम किती सोपे होते!

उरले दोन. दोन्ही शिरवण्याचे, दोन्ही बालवाड्या. शिरवणे म्हणजे आमच्या नेरूळच्या कॉलनीपासून चालत दहा मिनिटांवर. चांगले झाले, जीपचे पेट्रोल वाचेल.

अर्ज एक : नवप्रभात बालविकास केंद्र. संचालक श्री. कमळाकरशेठ. हा इथलाच, पूर्वी यांची भातशेती होती. आता मातीच्या भरावाची कंत्राटे घेतो, रस्त्यावर दुमजली घर. अर्ज टाईप केलेला, प्लास्टिकच्या फोल्डरात, चार रबरी शिक्के. हात लावताना बरे वाटते.

अर्ज दोन : गोजराबाई नावाच्या विधवा बाईचा. वहीचे पान, फॉर्मला टाचलेले. गावातल्या बायका खाडीत उतरून कालवे, निवट्या, चिंबोऱ्या काढतात. त्या चिखलात असताना मागे पोरे बांधावर मोकळी. मागच्या आषाढात एका म्हातारीची नात पाण्यात गेली, केसाला धरून वर काढली, वाचली. तेव्हापासून ही बाई सगळ्यांची पोरे सांभाळते. जागा : मिठागराची जुनी कोठी. ती पाडव्याच्या आत सोडायची आहे, जमीन सरकारजमा झाली. म्हणून एक पक्की खोली आणि खाडीकडून कुंपण हवे. तिथवर ठीक. पण ‘वेळ’ या रकान्यात काय लिहावे? ‘ओहोटीप्रमाणे.’

ही काय वेळ झाली? फॉर्म परत पाठवला. शेरा : वेळ घड्याळाप्रमाणे लिहावी.

सोमवार, ७ जानेवारी

फॉर्म परत आला. सिताराम घेऊन आला. सिताराम आमच्या ऑफिसचा शिपाई, शिरवण्याचाच, जमीन कंपनीत गेली म्हणून नोकरीला लागलेला. रिटायर व्हायला चार वर्षे राहिली. फॉर्मवर त्याच्याच अक्षरात लिहिले आहे : ‘रोज येगली.’ म्हणजे रोज वेगळी.

इन्स्पेक्शन ठरवले. एक मंगळवार सोडून एक मंगळवार, सकाळी अकरा. कारण जीप तेव्हाच मोकळी असते. न्याय म्हणून दोन्ही संस्थांना आठ-आठ दिवस आधी नोटीस जाणार. पहिले इन्स्पेक्शन उद्याच आहे, म्हणून त्याची नोटीस आजच.

सिताराम नोटीस नेताना म्हणाला, साहेब, आज पुनव, उद्या परतिपदा. अकराला जाऊन काय भेटनार तुमाला? मी शांतपणे सांगितले की मी पौर्णिमा-अमावास्या मानत नाही, आणि एकविसाव्या शतकाला पंधराच वर्षे उरली आहेत. या लोकांच्या डोक्यातून अंधश्रद्धा जायला वेळ लागेल.

मंगळवार, ८ जानेवारी. दुपारी २

इन्स्पेक्शन पहिले.

गोजराबाईंची कोठी, ११.०५ : कुलूप. खाडी काठोकाठ भरलेली, बांधावर चिटपाखरू नाही. एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. ओळखीची निघाली, सखू, आमच्या कॉलनीत मासळी विकते ती. पाण्यात गेलेली नात हिचीच. तिला विचारले, बालवाडी बंद का? ती म्हणाली, आता कोन येनार रं दादा, बायका समद्या घरान हायत. म्हणजे पाहा! बायका घरी रिकाम्या बसलेल्या, आणि बालवाडी बंद! वेळ पाळणे : शून्य.

कमळाकरशेठ, ११.३० : काय वर्णावे! घराच्या खालच्या मजल्यावर हॉल, गुलाबी ऑइलपेंट, बावीस मुले रांगेत. केस ओले, भांग पाडलेले. बिस्किटे चालू होती. मुले आनंदाने येतात का विचारल्यावर शेठ म्हणाले, साहेब, हाकलली तरी जात नाहीत. एक चिमुरडी मात्र सारखी दाराकडे बघून, बाय कवा येल, बाय कवा येल, करत होती. शेठ म्हणाले, आईची आठवण. मी ‘कौटुंबिक जिव्हाळा’ अशी नोंद केली आणि ‘इतर’मध्ये दोन मार्क वाढवले.

तिसरा चहा घ्यावा लागला. शेठनी आग्रह केला, सरकारी काम असते तर नाही म्हटले असते.

सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत

गोजराबाई ऑफिसात आली. संध्याकाळी साडेचारला, चालत, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. फरशीवर डाग पडले. चाळिशीची असेल, आवाज मोठा. सितारामने तिला खुर्ची दिली. मी सांगितले नव्हते.

तिने मला समजावले. मला! म्हणाली, साहेब, पानी रोज पाऊन तास सरकतं. उतरलं का बायका खाडीन, पोरां माज्याकडं. चढलं का बायका घरी, पोरां त्यांच्याकडं. उद्या या, दुपारी एकला, समदी दावते. नायतर पुनवेला या, फाटेला पाचला. मी म्हटले, बाई, फौंडेशनचे इन्स्पेक्शन मंगळवारी अकराला असते, त्या वेळी जीप असते. तर म्हणते कशी, तुमच्या जीपगाडीसाठी खाडी थांबंल काय?

बोलणे-वागणे : दहापैकी एक. तोही संक्रांत म्हणून.

जाताना टेबलावर तिळाचे दोन लाडू ठेवून गेली. मी खाल्ले नाहीत, निर्णयावर परिणाम नको. सितारामने खाल्ले.

मंगळवार, २२ जानेवारी

इन्स्पेक्शन दुसरे. कोठीला कुलूप. मी पद्धत म्हणून कुलूप हलवून पाहिले. एकदम बंद.

नवप्रभातमध्ये पुन्हा बावीस. तीच बावीस, एकही गळती नाही! मुलांनी हात जोडून चिंबोऱ्या मोजायचे गाणे म्हटले, एक चिंबोरी बिळात, दोन चिंबोऱ्या चिखलात, असे काहीसे. विचारले, कोणी शिकवले? सगळी एका सुरात म्हणाली, बायनं. शेठ घाईने म्हणाले, आमच्या शिक्षिका, आज त्यांना ताप आहे. आजारी असूनही शिक्षिकेचा एवढा प्रभाव! कागदपत्रे ३० पैकी २८ होतीच, टापटीप १८.

साडेपाचला उठण्याचे अजून जमत नाही. थंडी आहे.

बुधवार, ३० जानेवारी

घरात एक नवीन प्रकरण. वैशालीला फिरायला जायचे वेड लागले आहे. पहाटे जाते म्हणावे तर तसेही नाही. शेजारच्या जयमालाबाईंनी सांगितले की परवा तुमच्या मिसेस भर बाराला गेल्या, काल पाऊणला, आज दीडला. चपलांना चिखल. सखूबरोबर जाते म्हणे. प्रकृतीला हे चांगले नाही, व्यायामाला नियमितपणा हवा. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, मी अगदी नियमित जाते.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज सकाळी सहाला माझे डोळे उघडले (स्वतःहून!) तर वैशाली घरात नाही. मी परत झोपलो. साडेनऊला आली, म्हणाली, मी गोजराबाईंच्या बालवाडीत होते. साडेपाचपासून बावीस मुले, शिवाय दोन तान्ही पाळण्यात, एक कंदील. ती बाई एकेका बाईच्या हातून मूल घेते आणि परत त्याच बाईच्या हातात देते, आजीलासुद्धा देत नाही. म्हणाली, अहो, एकदा तरी या माझ्याबरोबर. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. जागरणाने होते तसे.

मी समजूत काढली. बायकोचे म्हणणे सेक्रेटरीला पुरावा म्हणून घेता येत नाही, उद्या कोणी पक्षपात म्हणेल. इन्स्पेक्शन म्हणजे माझे इन्स्पेक्शन. मग बरोबर अकराला गेलो. कुलूप. आता मी काय करू? डोळ्यांनी पाहिलेले खोटे म्हणू?

वैशाली आज माझ्याबरोबर जेवायला बसली नाही. उपास असेल.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

इन्स्पेक्शन चौथे आणि शेवटचे. कुलूप. आता कुलपाशी माझी ओळख झाली आहे.

अंतिम निकाल : नवप्रभात ९४. गोजराबाई १७. सतरातले चार बांधावरच्या झाडलोटीचे आहेत, कारण बाहेरून तेवढेच दिसते. मी कठोर आहे, पण अन्यायी नाही.

नकाराचे पत्र स्वतः डिक्टेट केले. ‘आपली संस्था चारही वेळा बंद आढळली. अनियमित संस्थेस मदत करणे फौंडेशनच्या धोरणात बसत नाही. तरी आपण वक्तशीरपणा अंगी बाणवावा, ही विनंती.’ भाषा पाहा! कठोर आणि तरी मायेची. सितारामच्या हाती दिले. तो पत्र घेऊन दारापर्यंत गेला आणि परत आला. मग म्हणाला, साहेब, हे वाचून मीच दाखवायचं हाय ना तिला? तिला नीट वाचता येत नाय. मी म्हटले, मग सावकाश वाच.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

बोर्डाची मीटिंग. माझा विषय समोसे आणि चहा यांच्यामध्ये आला. चार मिनिटांत मंजूर. चेअरमनसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, फोटोला मुले असतील ना? मी म्हटले, सर, बावीस. ते म्हणाले, गुड. गुड!

समारंभ सोमवार ११ मार्च, सकाळी साडेदहा. साहेबांना तीच तारीख मोकळी. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार. केबिनसाठी जिन्याखालची जागा मनात पक्की केली. दाराला स्प्रिंग लावली तर ते उघडायला जागा उरत नाही, पण ते नंतर बघू.

रविवार, १० मार्च

उद्या. भाषण पाठ. ‘संस्था निवडणे म्हणजे मोती पारखणे’ हे वाक्य आरशासमोर सहा वेळा म्हटले. हात कुठे ठेवायचे ते ठरत नाही.

सिताराम घरी आला होता. म्हणाला, साहेब, उद्या साडेधाची येल बदला. सुक्या खाडीची येल हाय ती. मी त्याला लाडू दिला आणि चेअरमनसाहेबांची तारीख पंचांग बघून बदलत नसतात, हे पुन्हा एकदा सांगितले. तो म्हणाला, बरं. लाडू घेतला नाही.

सोमवार, ११ मार्च. दुपारी ३. (ऑफिसच्या संडासात बसून लिहितो आहे. बाहेर लोक आहेत.)

क्रमाने लिहितो. डोके शांत ठेवतो.

१०.२५. साहेबांची गाडी नवप्रभातसमोर. पताका, सनई, गुलाबी हॉल. मुले : शून्य. कमळाकरशेठ घामाने निथळत होते. म्हणाले, येतील, आत्ता येतील, दोन माणसे पाठवलीत. दर वेळी कशी, बिस्किटे म्हटली की... आणि थांबले.

१०.४०. साहेब लहान मुलांच्या खुर्चीवर बसले. मोठी खुर्ची नव्हती. फोटोग्राफरने तेवढाच एक फोटो काढला.

१०.५०. मी जीप घेऊन मुले शोधायला गावात. घरे बंद. सिताराम पुढच्या सीटवरून बांधाकडे बोट दाखवत होता. कोठीचे दार उघडे! आयुष्यात पहिल्यांदा उघडे पाहिले. आत बावीस मुले. तीच. एकेक चेहरा ओळखीचा. मधोमध माझी बायको खडूने जमिनीवर ‘क’ काढत होती.

मला एकदम सगळे कळले असे नाही. थोडे थोडे कळत गेले, आणि प्रत्येक वेळी वाटले, बास, एवढेच असेल.

गोजराबाई दारात आली. मी म्हटले, बाई, तासाभरासाठी मुले द्या, मोठे साहेब थांबलेत. प्रसंग ओळखून मी हातही जोडले. तिने खाडीकडे हात केला. पाणी दूर गेलेले, आणि चिखलात कमरेपर्यंत बायका, चाळीस-पन्नास, वाकून, पाटी ओढत. म्हणाली, त्या वर येस्तोवर पोरां माजी. चेअरमन येव दे, नायतर त्याचा बाप येव दे. घरी असतात तवा कमळाकर बिस्कुटं देऊन नेतो, ती त्यांच्या आयाबापाची मर्जी. इथून नाय.

११.१५. मागून साहेबांची गाडी. खुर्चीला कंटाळून आले असावेत. बांधावर उभे राहिले. खाडी पाहिली, बायका पाहिल्या, कोठी पाहिली. गोजराबाईला विचारले, रोज याच वेळी उघडता का? ती म्हणाली, पानी उतरंल तवा. साहेबांना अर्धे मिनिट लागले. मला दोन महिने लागले होते, पण माझी नजर फॉर्मवर होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, टिपणीस, या संस्थेला किती मार्क?

मी म्हटले, सर, टापटिपीला चार.

एकूण, ते म्हणाले.

सतरा, असे सितारामने सांगितले. मी सांगणारच होतो.

बुधवार, १३ मार्च

विचार केल्यावर लक्षात येते की हा पद्धतीचाच विजय आहे. इन्स्पेक्शन नसते तर समारंभ नसता, समारंभ नसता तर सत्य बाहेर आले नसते. हे मी मेमोत लिहिले. साहेबांनी मेमोवर फक्त एक रेघ ओढली.

हुकूम असा : नवप्रभात रद्द. मदत गोजराबाईंच्या बालवाडीला. ३१ मार्चच्या आत, नाहीतर या वर्षाची रक्कम परत कंपनीत जाते. आणि तिची लेखी संमती मी स्वतः आणायची. स्वतः हा शब्द अधोरेखित.

सोपे काम. मदत नको कोण म्हणेल? लगेच पाटीची ऑर्डर दिली : ‘सुवर्णरंग फौंडेशनच्या सौजन्याने’. प्लायवूड, सहा फूट बाय तीन, निळ्यावर पिवळी अक्षरे. मदत घेणाऱ्याने दारावर पाटी लावायची, हा नियमच आहे. नवीन फॉर्मही केला. ‘वेळ’ रकान्याखाली ‘ओहोटीप्रमाणे’ असे मी स्वतः टाईप करून घेतले. लवचिकपणा लागतो.

वैशालीला सांगितले. ती म्हणाली, बघा विचारून. ‘बघा विचारून’ म्हणजे काय?

मंगळवार, १९ मार्च. रात्री जेवणापूर्वी

अकराला जीप मोकळी होती. बायका घरी असणार हे या वेळी मी स्वतः ओळखले.

कोठी मोडायला काढलेली. पत्रे, बांबू डोक्यावर घेऊन बायका गावदेवीच्या देवळामागे नेत होत्या. तिथे गावकीने जागा दिली आहे म्हणे. लहान, पण खाडीपासून लांब. कुडाच्या तीन भिंती उभ्या राहिल्या होत्या. पुरुष खड्डे खणत होते. त्यात सिताराम. त्याने आजची रजा टाकल्याचे मला ऑफिसात कळले होते, कारण दिले होते ‘घरचे कार्य’.

सगळ्या जणी जमिनीवर बसल्या, मला बाज दिली. मी संमतीचा कागद वाचून दाखवला. पक्की खोली, कुंपण, सर्व काही. गोजराबाईने विचारले, झालं? मग पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. माझे फेब्रुवारीचे पत्र. वैशालीला म्हणाली (वैशाली तिथेच होती, कुडाला शेण लावत), बाय, येकदा वाच. वैशालीने वाचले. सावकाश. ‘अनियमित संस्थेस’ येथे ती थांबली, मग पुढे वाचले. ‘वक्तशीरपणा अंगी बाणवावा’ येथे कोणी हसले नाही. मला वाटले होते हसतील.

मग गोजराबाई बोलली. मोठ्याने नाही, हेच वाईट. म्हणाली, साहेब, आठ महिने झाले. पाऊस, ताप, माझा भाऊ गेला तो दिस, येक खाडा नाय. ह्या बायकांनी फाटेच्या थंडीन, भर दुपारी, पानी सांगंल तवा पोर माज्या हाती दिलंय. त्यांच्या म्होरं सितारामला ह्ये वाचाया लावलंत. आमाला खोली पायजे होती. अजून पायजे. पन ज्याला आमचा दिस कलत नाय, त्याचं नाव रोज दारावं कशाला वाचायचं?

मी म्हटले, पाटी लहान करू.

ती म्हणाली, आमी बसून ठरवलंय. नको.

सखूने विचारले, दादा, चाय घेशील? घेतला. कोणता चहा ते मोजले नाही.

जीप परत पाठवली आणि चालत आलो. वाईट वाटले. खूप वाईट वाटले. एवढे वाईट शेवटचे केव्हा वाटले होते ते आठवत नाही. ॲसिडिटी असावी म्हणून सोडा घेतला, पण तशीच आहे.

सोमवार, २५ मार्च

साहेबांना लेखी कळवले : संस्थेने मदत नाकारली. माझ्या तक्त्यात संस्था पास किंवा नापास होते, फौंडेशन नापास होण्याचा रकानाच नाही. साहेबांनी फोनवर विचारले, का नाकारली? मी म्हटले, सर, पाटीवरून. ते म्हणाले, पाटीवरून? मी म्हटले, नाही सर. माझ्यावरून.

हे मी का बोललो कळत नाही. बोलून गेलो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

रविवार, ३१ मार्च

वर्षअखेर. रक्कम कंपनीत परत गेली. पुढच्या वर्षापासून फौंडेशनचे काम मोठ्या साहेबांच्या मिसेस बघणार, शेवंतीचे प्रदर्शन भरवायचे घाटत आहे. माझ्याकडे कॅन्टीन. तूर्त हा शब्द ऑर्डरमध्ये नाही.

पेंटरने पाटी काल घरी आणून टाकली. पैसे दिलेले, परत घेत नाही. सहा फूट बाय तीन! हॉलमध्ये उभी राहीना, पंख्याला लागे. आडवी केली तर दार उघडेना. रात्रभर ती भिंतीला टेकून आणि मी तिच्याकडे बघत.

सकाळी वैशालीने पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी, सपाट. तिने आणि सितारामने तिला काळा रंग दिला. वैशालीला बालवाडीत फळा हवा होता. नव्या खोलीत मुलांना जमिनीवर लिहावे लागते. गोजराबाईने आधी येऊन दोन्ही बाजू बघितल्या, पिवळी अक्षरे वैशालीकडून वाचून घेतली, आणि ती बाजू भिंतीकडे राहील ना, असे दोनदा विचारून घेतले. मग दोघींनी डोक्यावर घेऊन नेली. मी जिन्यापर्यंत धरली.

म्हणजे फौंडेशनची या वर्षीची मदत अगदीच शून्य नाही, असे माझ्या मनात आले. वार्षिक अहवालात एक ओळ होऊ शकते : एका ग्रामीण बालवाडीस फळा भेट. लाभार्थी २२. मी लगेच कागद घेऊन बसलो.

आत्ता वैशाली परत आली. अहवाल वाचून दाखवला. ती म्हणाली, भेट लिहू नका. गोजराबाई म्हणाल्यात, पावसाआधी आमचा आमी घेऊ, तवर उसना.